थोरली, धाकटी आणि पंच

१० जानेवारी

ताई, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळे जिवंत आहेत. फोनच करणार होते, पण तुमच्या फोनचं मी आता मनाला लावून घेतलंय. पलीकडून ‘हॅलो’ नाही, ‘बोल’ नाही, थेट ‘काय पडलं?’ गेल्या वेळी मी खरंच मागे वळून बघितलं, काही पडलंय का म्हणून. मग सांगायचं होतं ते राहूनच गेलं. तुम्ही ‘काही पडलं नाही ना, मग संध्याकाळी बोलू’ म्हणून ठेवूनही दिलात. ती संध्याकाळ अजून व्हायची आहे. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. पत्र काही वाजत नाही.

अण्णा बरे आहेत. झटका येऊन गेल्यापासून उजवा हात रुसलाय तो रुसलाच, पण काठी घेऊन जिन्यापर्यंत जातात. तोंड मात्र ठणठणीत. तुमचे बंधुराज बोटीवर. पुढच्या बंदरातून फोन करतो म्हणालेत, कुठलं बंदर ते बहुतेक बोटीलाही ठाऊक नसावं.

माझी एक बातमी आहे. डोळे तपासायच्या अभ्यासक्रमाला माझी निवड झाली. सहा आठवडे तिथेच राहायचं, शेवटी परीक्षा. आमच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक मागच्या बाजूला तपासणीची खोली काढताहेत. पास झाले तर ती खोली माझी, नाहीतर ते बाहेरून माणूस आणणार. गेल्या वर्षीही नाव लागलं होतं, पण ऐन त्याच आठवड्यात अण्णांना झटका आला आणि मी नाही म्हणून कळवलं. तिसऱ्यांदा कोणाला विचारत नाहीत म्हणे. वर्ग मार्चच्या मध्याला सुरू होतील. बघू.

वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई विचारत होत्या, तुमची नणंद काय करते? मी म्हटलं, कॉम्प्युटरचं. म्हणाल्या, दुरुस्त करतात? म्हटलं, नाही, बिघडूच देत नाहीत. अण्णा आतून ओरडले, मग तिला पगार कशाचा देतात? याचं उत्तर कळवा, घरात वाद आहे.

तुमची भावजय

१९ जानेवारी

प्रिय भावजयबाई,

पत्र मिळालं. निवडीबद्दल अभिनंदन.

अण्णांना सांग, काही न घडल्याचा पगार मिळतो. लोक अँब्युलन्ससाठी फोन करतात तो आमच्या केंद्रात येतो. कुठली गाडी कुठे पाठवायची, हे सगळं एका सर्व्हरवर चालतं. तो बंद पडला तर इकडे फोन वाजत राहतील आणि तिकडे गाड्या उभ्या राहतील. म्हणून सर्व्हर दोन ठेवले आहेत. कागदावर त्यांना लांबलचक क्रमांक आहेत, आम्ही थोरली आणि धाकटी म्हणतो. थोरली काम करते, धाकटी शेजारी बसून बघते. थोरली दर क्षणाला ‘मी आहे’ असा निरोप धाडत असते. निरोप थांबला की धाकटी कारभार हातात घेते. बाहेर कोणाला कळत नाही. कळलं नाही म्हणजे माझं काम नीट झालं.

यात एकच मोठा धोका आहे. दोघी धडधाकट असताना मधली तारच तुटली, तर प्रत्येकीला वाटतं दुसरी गेली. मग दोघी एकदम कारभार चालवायला लागतात. एकच गाडी एक उत्तरेला पाठवते, दुसरी दक्षिणेला. एक मशीन बंद पडलेलं परवडतं, पण दोन मालकिणी परवडत नाहीत. त्यासाठी पलीकडच्या खोलीत तिसरी छोटी मशीन आहे, तिला पंच म्हणतो. ती काम काहीच करत नाही, फक्त मत देते. पंच जिच्या बाजूने, कारभार तिचा. शिवाय धाकटीने हात घालण्याआधी थोरलीची वीज तोडायची, असा नियम आहे. ‘गेली असेल’ असं समजून चालत नाही, ती गेल्याची खात्री लागते.

अण्णांसाठी दिवसभराची बाई ठेवून बघ.

ताई

२८ जानेवारी

ताई, नमस्कार.

बाई ठेवून बघ, हे वाचलं. दोन ठेवून झाल्या. पहिलीला अण्णांनी लिफ्टविषयी इतकं सांगितलं की ती जिन्यानेच पळाली. अर्धा जन्म लिफ्टा दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला कोणी ऐकणारं मिळालं की असं होतं. दुसरी त्यांना ‘आजोबा, आ करा बघू’ म्हणायची. अण्णांनी आ केला आणि त्यातून जे बाहेर पडलं ते मी लिहीत नाही.

तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. धाकटीचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, लिफ्टचा दोर तुटला तर खालचा ब्रेक पकडतो, तो सगळ्या लिफ्टांना असतो. पण तो अधूनमधून मुद्दाम लावून बघावा लागतो. नाहीतर गंजतो, आणि गंजलेला ब्रेक म्हणजे नुसती शोभा. तिला विचार, तिची धाकटी कधी उभी करून बघितली का. तर विचारते.

आता माझा प्रश्न. या घरातली थोरली मी. धाकटी कोण, ताई?

रागावू नका. किंवा रागवा, पत्रातून मला काही ऐकू येणार नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मला हो-नाही कळवायचं आहे. गेल्या वर्षी नाही म्हटलं तेव्हा सगळे म्हणाले, किती समजूतदार सून आहे. मला त्या समजूतदारपणाचा फार राग आला होता. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, बाई, तुम्हालाच नंबर लागलाय वाटतं. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मला ती खोली हवी आहे.

तुमची भावजय

६ फेब्रुवारी

प्रिय भावजयबाई,

प्रश्न रास्त आहेत.

पहिल्याचं उत्तर, हो. आम्ही थोरली मुद्दाम बंद करून बघतो. भर दिवसा, सगळे हजर असताना. पहिल्यांदा केलं तेव्हा धाकटी उठलीच नाही. मी येण्याआधीपासून ती तिथे होती, पण थोरलीत केलेले बदल तिच्यात कोणी केलेच नव्हते. तिचा दिवा मात्र हिरवा होता. तो हिरवा दिवा बघून इतकी वर्षं सगळे निर्धास्त.

दुसऱ्याचं उत्तर लिहायला वेळ लागला. धाकटी मी. पण माझाही दिवाच हिरवा आहे. मी फोन करते, अण्णा ‘ठीक’ म्हणतात, मी ‘ठीक’ म्हणते, संपलं. त्यांना सकाळी कुठली गोळी लागते ते मला माहीत नाही.

येत का नाही, तेही सांगते. इथे माझ्यामागे एकच माणूस आहे. सगळे त्याला मौनी म्हणतात. दिवसाला तीन वाक्यं बोलतो, त्यातली दोन जेवणाविषयी असतात. माझ्याएवढाच जुना आहे, पण त्याच्यावर सगळं सोपवून मी कधी गेलेली नाही. दोन सर्व्हर, पंच, एवढा थाट उभा केला आणि तो सांभाळणारी मी एकटी. हे तुझं पत्र वाचताना ध्यानात आलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तर चाचणी घेऊ. या महिन्याच्या शेवटी मी चार दिवस येते. जमलं तर सहा आठवड्यांचं ठरवू. अट एकच, तू घरात थांबायचं नाही. थोरली शेजारी उभी असेल तर ती चाचणी नव्हे. मावशीकडे जा, कुठेही जा.

ताई

२७ फेब्रुवारी, कुरियरने

ताई, नमस्कार.

तुम्ही परवा निघालात तेव्हा मी दारात धड बोललेही नाही. तोंड उघडलं असतं तर काहीतरी वेडंवाकडं गेलं असतं. आता लिहिते.

वरच्या बाईंना आपल्या दाराची किल्ली मी देऊन ठेवली होती. तुम्हाला न सांगता. म्हटलं, ताईंना सकाळी उठवत नाही, आणि अण्णांची रक्तदाबाची गोळी चुकली तर? बाईंना म्हटलं, गुपचूप जाऊन देऊन या, ताईंना कळायला नको, त्यांना वाईट वाटेल. पहिल्याच सकाळी बाई आल्या, गोळी देऊन गेल्या. मग तुम्ही उठलात आणि तुम्हीही दिलीत. अण्णांनी दोन्ही घेतल्या. मी विचारलं, तुम्हाला कळत नव्हतं का? तर म्हणाले, एकीला नाही म्हटलं तर तिला वाईट वाटणार, दुसरीला म्हटलं तर दुसरीला. दोघी इतक्या प्रेमाने देत होत्या.

पुढचं तुम्ही बघितलंच. न्हाणीघराच्या दारात भोवळ आली. पडले नाहीत, बसले, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगतात. डॉक्टर म्हणाले दिवसभर आडवं ठेवा, तेवढ्यावर निभावलं. कळल्याबरोबर मी मावशीकडून मिळेल त्या बसने परत आले.

अण्णांनी आणखी एक सांगितलं. गोळी देताना तुमच्या दुसऱ्या हातात लॅपटॉप होता, तुमच्याकडे काहीतरी पडलं होतं आणि तुम्ही उभ्याउभ्या त्याच्याशी झटत होतात. हे तुम्ही मला बोलला नाहीत. मी किल्लीचं लपवलं, तुम्ही लॅपटॉपचं. फिटंफाट.

वर्गाला मी नाही म्हणून कळवते आहे. चार दिवस धड गेले नाहीत तर सहा आठवडे कसले जाणार? हात दाखवून अवलक्षण झालं एवढंच. पत्र लिहून पाकिटात घातलंय. सोमवारी दुकानात जाताना टाकेन. खोलीचं काय, नशिबात असेल तर दुसरी मिळेल. नसेल तर बाहेरून येणाऱ्या माणसाच्या हाताखाली चष्मे पुशीन.

तुमची भावजय

१ मार्च, कुरियरने

प्रिय भावजयबाई,

ते पत्र टाकू नकोस. टाकलं असशील तर फोन करून परत घे.

चाचणीत बिघाड सापडला. चाचणी त्यासाठीच असते. भर वापरात सापडला असता तर वाईट होतं. आता बिघाड कुठला ते नीट बघ. धाकटी उठली नाही, असं झालं नव्हतं. मी उठले होते, गोळीही योग्य वेळी दिली. थोरली गेलीच नव्हती, हा बिघाड. ती वरच्या मजल्यावर किल्ली ठेवून गेली होती.

आणि माझंही तेच. मी तुझ्या घरी आले, पण इथला कारभार सोडून आले नव्हते. त्या सकाळी जे पडलं होतं ते मौनीने केव्हाच उभं केलं होतं. मी तिथून हात घातला, तेच काम वरून पुन्हा केलं, आणि त्यामुळे ते परत पडलं. मौनी काही बोलला नाही, पण तो एरवीही बोलत नाही. तुला सांगितलं नाही कारण मला लाज वाटली. दुसऱ्यांना दोन मालकिणींचे धोके शिकवणारी मी, एका सकाळी दोन घरं बिघडवली.

तेव्हा या वेळी नीट करू. वरच्या बाईंकडची किल्ली परत घे, त्यांना कारण सांग, त्या समजून घेतील. तू गेलीस की घरी फोन करायचा नाही, आणि मीही तुला करणार नाही. पत्र चालेल. पत्र पोचेपर्यंत ढवळाढवळ करायची वेळ निघून गेलेली असते. मी माझा इथला प्रवेश बंद करून घेतला आहे. पासवर्ड मौनीने बदलला. काय ठेवलास विचारलं तर म्हणाला, ‘सांगत नाही.’ त्या दिवसाचं ते त्याचं तिसरं वाक्य होतं.

शिवाय पंच आपण नेमलाच नव्हता. दोन्ही गोळ्या ज्याला दिसल्या असा घरात एकच माणूस होता, आणि त्याच्याशी आपण दोघी लहान मुलासारखं वागत होतो. गोळ्यांचा डबा यापुढे अण्णांच्या उशाशी राहील. त्यांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय कोणी काही द्यायचं नाही, आणि कोणाला वाईट वाटेल याचा विचार करायचा नाही. मी त्यांना फोनवर विचारलं. म्हणाले, तुम्हाला एवढी अक्कल यायला मला चक्कर यावी लागली.

सहा आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे. इतकी रजा शिल्लक आहे हे बघून कार्यालयालाच धक्का बसला. वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पोचते.

ताई

२५ मार्च

ताई, नमस्कार.

पत्र पोचेपर्यंत माझी ढवळाढवळ शिळी झालेली असेल, म्हणून मोकळेपणाने लिहिते. हिरवी पट्टी असलेला टॉवेल अण्णांचा, निळा नव्हे. त्यांना वर्तमानपत्र आधी द्या, नंतर दिलं तर दिवसभर ‘वापरलेलं’ म्हणतात. बास, झाली ढवळाढवळ.

इथे खोलीत आम्ही दोघी. जोडीदारीण माझ्याहून बरीच लहान आहे, पण शिस्त सासूची. सरावाला एकमेकींचे डोळे तपासतो. ती म्हणाली, तुमचा उजवा डोळा आळशी आहे. डावा सगळं बघतो म्हणून उजव्याने बघायचं सोडून दिलंय. इतकी वर्षं चष्म्याच्या दुकानात उभी आहे आणि मला पत्ता नाही. मी विचारलं, उपाय काय? तर लहानपणी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतात, म्हणजे आळशी डोळा झक मारून कामाला लागतो. मला एकदम तुम्ही आठवलात. हसू नका, कौतुकानेच आठवलात.

पहिले काही दिवस मी वेड्यासारखी वागले. जेवणाच्या वेळेला हात आपोआप फोनकडे जायचा. आता फोन जोडीदारणीच्या कपाटात आहे.

अभ्यास जमतोय. भिंगं हातात घेतली की वाटतं, हे मला येणारच होतं, नुसतं कोणी समोर ठेवलं नव्हतं.

एक विचारू? अण्णा माझी आठवण काढतात का?

तुमची भावजय

२ एप्रिल

प्रिय भावजयबाई,

टॉवेलची चूक पहिल्याच दिवशी झाली होती आणि त्यावर निकालही झाला. पंच फार कडक आहेत. काल मला वाटलं सकाळची गोळी राहिली, मी डबा मागितला. म्हणाले, झालेली आहे, कारभार पुढे चालू द्या.

गेल्या आठवड्यात इमारतीची लिफ्ट बंद पडली. वरच्या बाईंनी आणि मी धरून त्यांना जिन्याने खाली नेलं, कारण ते ऐकेनात. खुर्ची टाकून मेकॅनिकला सूचना देत बसले. मेकॅनिक खूश नव्हता. लिफ्ट मात्र सुरू झाली. तिने पहिल्या फेऱ्यात त्यांनाच वर आणलं, तेव्हापासून जेवण जास्त जातं आहे.

हात थोडा हलतो. डॉक्टर समाधानी आहेत.

तू विचारलंस ते. नाही, तसं काही म्हणाले नाहीत. त्यांचं सगळं सुरळीत चालू आहे. तू अभ्यास कर.

ताई

९ एप्रिल

ताई, नमस्कार.

पत्र वाचून बरं वाटलं, असं लिहिणार होते. दोनदा लिहून खोडलं.

अण्णा जेवतात, हात हलतो, लिफ्टवाल्याला छळतात, हेच तर मला हवं होतं. आणि तरी, ताई, मला वाईट वाटलं. एकदाही आठवण काढू नये? त्यांच्या पायाची नखं मी कापते, कानाचा मळ मी काढते. तुमच्या भावाने सातासमुद्रापलीकडून ‘अण्णांकडे बघ’ म्हटलं आणि मी बघत राहिले. मला वाटायचं, मी हलले की घर कोसळेल. आणि मी हलले तर टॉवेलसुद्धा हलला नाही. मग मी इतकी वर्षं कशाला जीव टाकत होते? जोडीदारीण म्हणते, तुम्हाला ते सुखी हवेत की दुःखी? म्हटलं, सुखीच हवेत गं, पण थोडेसे दुःखी असते तर काही बिघडलं नसतं.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, मनात ठेवून मला जगता येत नाही. या नाही, पुढच्या रविवारी सकाळची बस धरते. दुपारपर्यंत पोचेन, तासभर बसेन आणि परत निघेन. त्याच आठवड्यात परीक्षा आहे, पण पुस्तक बसमध्येही वाचता येतं. नुसतं तोंड दाखवून येते. किंवा बघून येते, काय म्हणायचं ते म्हणा.

तुमची भावजय

१३ एप्रिल, कुरियरने

प्रिय भावजयबाई,

येऊ नकोस.

तू तासभरासाठी येशील, अण्णांची उशी नीट करशील, माझ्या हातातलं काम घेशील. मग बस चुकेल. मग ‘उद्या सकाळी जाते’ म्हणशील. मी तुला ओळखायला लागले आहे. परीक्षेआधी हे घर तुझ्यासाठी बंद आहे.

आता वाईट वाटण्याविषयी. मौनीचं पोस्टकार्ड आलं. मजकूर सगळाच्या सगळा देते: ‘थोरली मंगळवारी गेली. धाकटीने घेतलं. कोणाला कळलं नाही.’ तीन वाक्यं, बाकी कार्ड कोरं. पासवर्ड बदललेला होता म्हणून मला कुठून कळायचा प्रश्नच नव्हता. इतकी वर्षं मी ज्या दिवसाची तयारी केली तो दिवस आला आणि मी इथे बसून मोजे वाळत घालत होते.

मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. ते कार्ड उलटसुलट करून बघितलं, माझ्याविषयी एखादा शब्द आहे का म्हणून. दोन दिवस अण्णांवर उगाच खेकसले. आपण उभं केलेलं आपल्यावाचून चाललं की माणसाला वाईट वाटतं, हे आमच्या धंद्यात कोणी शिकवत नाही. तेव्हा तुला जे होतं आहे त्यात वेडेपणा काही नाही. मलाही तेच होतं आहे. तरीही येऊ नकोस.

परीक्षा नीट दे. ती खोली तुझी आहे.

ताई

२५ एप्रिल

चि. सूनबाईस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

अक्षर डाव्या हाताचं आहे, उजवा अजून अर्ध्या रजेवर. लागलं नाही तर तू आता डोळ्यांची डॉक्टरीण, तुझं तू बघ. परीक्षा काल संपली म्हणून आज लिहितोय. निकाल लागेपर्यंत तू तिथेच आहेस, तोवर हे पोचेल. याआधी मला लिहायची मनाई होती.

तुझी पत्रं लेक मला मोठ्याने वाचून दाखवते. अण्णा माझी आठवण काढतात का, हे तू विचारलंस तिथे ती थांबली. चष्मा काढून पुसला. म्हणाली, अण्णा, खरं लिहिलं तर ही पुढच्या बसने येईल आणि परत जाणार नाही, गेल्या वर्षासारखं होईल. मी म्हटलं, मग लिही नाही म्हणून. तेव्हा ते खोटं दोघांच्या मताने झालं. पंचाची त्याला मंजुरी होती. रागवायचं तर आधी माझ्यावर रागाव.

आता खरं सांगतो. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळेला माझे कान दाराकडे लागतात. तू आधी पिशवी आपटतेस, मग चपला, मग म्हणतेस, ‘अण्णा, आज काय बिघडवलंत?’ तू गेलीस त्या दिवशी त्या वेळेला मी लेकीला विचारलं, सूनबाईला उशीर झाला का गं? ती म्हणाली, अण्णा, ती शिकायला गेली आहे. म्हटलं, ठाऊक आहे, डोकं शाबूत आहे माझं, विचारायची सवय आहे. तेव्हापासून रोज विचारतो. पहिल्यांदा ती समजावायची. नंतर नुसतं ‘येईल’ म्हणायला लागली. हल्ली मी विचारायच्या आधीच दाराकडे बघते. एक दिवस चुकलेला नाही. तुझं दुसरं पत्र, ते रागाचं, अर्धं वाचून तिने कागद माझ्या हातात दिला. उरलेलं मी वाचलं.

ती चोख आहे. गोळी, जेवण, डॉक्टर, कशात म्हणून खोट काढता येत नाही, आणि खोट काढण्यात मी कमी नाही. पण आज काय बिघडवलंत, हे ती विचारत नाही. तिच्या धंद्यात तो प्रश्न गमतीचा नसावा.

तू ये. ती म्हणते, तू आत येऊन बसल्याशिवाय ती कारभार सोडणार नाही, मग मात्र लगेच निघेल, मध्ये एक दिवससुद्धा दोघी नकोत. मी म्हटलं, एक दिवस दोघी राहिलात तर मला चक्कर येणार नाही, डबा माझ्याकडे आहे. त्यावर विचार चालू आहे.

आणखी एक. काल ती बॅगेत कपडे भरत होती. माझ्याकडे पाठ करून घड्या घालत होती. म्हणाली, अण्णा, मी गेल्यावर माझी आठवण काढाल का हो? आवाज असा, बल्ब कुठला आणू विचारावं तसा. मी म्हटलं, पंचाने मत आधी सांगायचं नसतं. ती हसली. पाठ होती, त्यामुळे हसलीच असेल असं खात्रीने सांगत नाही.

मी विचारणार आहे. त्याच वेळेला, रोज. आणि ती तुला पत्रातून विचारेल, नक्की विचारेल. तू खोटं लिहू नकोस. तिची कुठली परीक्षा नाही. खरं कळलं की ती बस धरून येईल. आली तर येऊ दे.

अण्णा